पडायला शिकताना

आमची धाकटी नववीत आहे. गेल्या वर्षी तिने पुण्यात आयकिडोचा क्लास लावला आणि घरात जपानी शब्द शिरले. सरावाची जागा म्हणजे दोजो, शिकवणारे ते सेन्सेई, खालची चटई तातामी. ‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘डो’ म्हणजे मार्ग. ज्युडोतला ‘डो’ही तोच, हे तिने आम्हा सर्वांकडून पाठ करून घेतले. गुडघे दुमडून टाचांवर बसण्याला ‘सेइझा’ म्हणतात, हे तिने करून दाखवले तेव्हा माझ्या सासूबाई हसल्या. “अगं, आपण अत्तहियातला बसतो तसंच की!”

‘रेई’ या शब्दावर मात्र त्यांचे हसू थांबले. रेई म्हणजे आदराने वाकणे. दोजोच्या समोरच्या भिंतीवर आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांचा फोटो असतो. सरावाच्या सुरुवातीला “शोमेन नि रेई” म्हटले की सेइझात बसून, हात जमिनीला टेकवून त्या दिशेने वाकायचे.

“फोटोपुढं झुकायचं? उद्यापासून क्लास बंद!” सासूबाई म्हणाल्या. मीही गप्प राहिले. तीच शंका माझ्या मनात चार दिवस घोळत होती. फक्त तिला विचारायचे धाडस होत नव्हते.

लेक शांतपणे म्हणाली, “दादी, मी वाकतच नाही. पहिल्याच आठवड्यात मी सेन्सेईंना सांगितलं, आम्ही अल्लाहशिवाय कोणापुढं झुकत नाही. ते म्हणाले, ‘मग ताठ बस, शांत बस. रेईत अदब महत्त्वाची.’ जोडीदारासमोर मी छातीवर हात ठेवते आणि ‘ओनेगाई शिमासु’ म्हणते, म्हणजे ‘माझ्याबरोबर सराव करा, ही विनंती’.”

मला माझीच लाज वाटली.

तरी सासूबाईंची खात्री पटेना. मग एका संध्याकाळी मी त्यांना क्लासवर घेऊन गेले. तिथे ‘नागे’ म्हणजे फेकणारा आणि ‘उके’ म्हणजे हल्ला करून नंतर पडणारा. थोड्या वेळाने दोघांनी भूमिका बदलायच्या, हार-जीत नाही. मनगट जास्त पिळले गेले तर चटईवर थाप मारायची, समोरचा तत्काळ सोडतो. लेक पडत होती, पाठ गोल करून, हनुवटी छातीशी घेऊन, हाताने चटईवर थाप देत, आणि लगेच उठत होती. या पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात. ‘उके’ म्हणजे स्वीकारणे, ‘मी’ म्हणजे देह. जो ताठरतो त्याला लागते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या आणि मनगट मोडले होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “पडायलाही शिकवतात होय?”

परतताना रिक्षात माझ्या मनात आले, लेकीने आपली अडचण सांगितली तेव्हा सेन्सेई ताठरले नाहीत. तिचे म्हणणे त्यांनी स्वीकारले आणि तिला तिच्या जागी बसू दिले. घरात आम्ही मात्र विचारण्याआधीच ताठरलो होतो. लेक आपल्या दीनवर ठाम राहिली, आणि तेही कोणाचा अपमान न करता. हे तिला आम्ही शिकवले की दोजोने, कोण जाणे.

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, “क्लास चालू ठेव. पण वेळ बदलून घे, मगरिब चुकायला नको.”