पाठवणीचे गाणे

पी. सावळाराम यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील येडे निपाणीचा. परंतु ते ठाण्याचे झाले, ठाण्याचे नगराध्यक्षपदही त्यांनी भूषविले. म्हणूनच वसंत प्रभूंनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले त्यांचे ‘गंगा जमुना’ आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये लागले, की आमच्या आळीत ते घरच्या माणसाचे गाणे म्हणून ऐकले जाई, आईचे लाटणे थांबे आणि पिठाने भरलेल्या हाताचे मनगट ती डोळ्यांना लावी.

ते गीत मला तेव्हाही प्राणप्रिय होते, आजही आहे. त्यातला उपदेश मात्र मला कधीच मान्य झाला नाही. निघालेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी का, असा प्रश्न त्यात आरंभीच विचारला जातो. पण उत्तरासाठी क्षणभरही न थांबता तिला जाण्याची आज्ञा होते, आणि जेथे दिली तेथेच सुख मानावे असा आशीर्वाद मिळतो. माझ्या लेखी ते फर्मानच होय.

माझ्या थोरल्या बहिणीला कल्याणला दिली. वऱ्हाड निघताना बँडवाल्याने क्लॅरनेटवर हीच चाल धरली. शब्द नव्हते, तरी मांडवातल्या प्रत्येक बाईला ते ऐकू येत होते. ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीच पोचली होती, मधे काय तो पारसिकचा डोंगर. तरीही, एके दुपारी कपड्यांची पिशवी घेऊन ती माहेरी आली तेव्हा वडिलांनी तिची कैफियत पुरती ऐकूनही घेतली नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने ते तिला परत पोचवून आले.

असे असूनही ती चाल कानी पडली की माझे अंतःकरण भरून येते. लताबाईंच्या स्वरात हुकमाचा लवलेशही नाही. ज्या उत्तरासाठी शब्द थांबले नाहीत, ते उत्तर त्या स्वरातच दाटून आले आहे असे मला वाटते. कवीचा जिव्हाळा खोटा होता असेही मी म्हणणार नाही, कारण ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’मध्ये पित्याच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या लेकीचे मन त्यांनीच जाणले. शिवाय आमच्या आळीतल्या बायकांना चारचौघांत मोकळेपणी रडण्याची मुभा त्या काळी पाठवणीच्या वेळीच काय ती होती. एरवीची किती दुःखे त्यांनी या एका गाण्याच्या आडोशाने वाहू दिली असतील!

परवा त्याच बहिणीच्या मुलीचे लग्न डोंबिवलीत झाले. निघतेवेळी हे गाणे वाजवायला बँडवाल्याला बहिणीनेच सांगितले, आणि चाल ऐन भरात आली असता, वाद्यांवर आवाज चढवून, व्याह्यांच्या देखत तिने लेकीला सांगितले, “आपल्या घराची एक किल्ली तुझ्या पर्समध्ये घातली आहे, वाटेल तेव्हा ये, आणि आलीस तर का आलीस हे सांगितलेच पाहिजे असे नाही.”