दुसऱ्याचे बाइट

जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणं हा माझा व्यवसाय. दिवाळीच्या तोंडावर फोन वाढतात. ‘वीस वर्षांपूर्वीची कथा आमच्याकडे टाइप केलेली आहे, फक्त उघडत नाही.’ उघडते हो. फाइल अगदी सुखरूप असते. तिच्यात मराठी मात्र कधीच नव्हतं.

कृतिदेव फॉन्टमधला ‘कि’ घ्या. डिस्कवर असतात १०२ आणि १००, म्हणजे इंग्रजीतले एफ आणि डी. फॉन्टने एफच्या घरात वेलांटीचं चित्र बसवलं, डीच्या घरात ‘क’चं. फॉन्ट काढून घेतला की एफ-डी उघडे पडतात. ‘ण’ आणि ‘श’ तर अर्धा तुकडा अधिक काना असे सांधलेले. त्यातून प्रत्येक फॉन्टवाल्याने घरं आपापल्या मर्जीने वाटली, त्यामुळे दर फॉन्टला नवा तक्ता करावा लागतो. अशा मजकुराची अकारविल्हे सूची करून दाखवा, मी मानेन.

युनिकोड चित्राला नव्हे, अक्षराला क्रमांक देतं आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी, ती डावीकडे नेऊन काढणं हे फॉन्टचं काम. रफाराचं उलट: तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, साठवायचा त्याच्या आधी. कुठलाही कन्व्हर्टर हाती आला की मी त्यात ‘कार्यकर्त्यांना’ घालून बघतो. दुसरा रफार अनुस्वार, काना आणि पूर्ण ‘त्य’ ओलांडून मागे आला नाही, तर तो कन्व्हर्टर बाद.

आता बाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं आणि ‘म’चा युनिकोड क्रमांक आहे २३५०. म्हणून यूटीएफ-८ पद्धतीत ‘म’ तीन बाइटांत जातो: २२४, १६४, १७४. मराठीच्या प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, सुरुवात २२४ने. पुढे १६४ किंवा १६५. एखाद्या प्रोग्रॅमने हेच बाइट जुन्या युरोपीय तक्त्याने वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ ओळभर पुन्हापुन्हा उमटतो. गिऱ्हाईक घाबरतं, मी निर्धास्त होतो. बाइट जागच्या जागी आहेत, तक्ता बदलला की मराठी परत येतं. पोटात गोळा येतो तो प्रश्नचिन्हांची रांग दिसल्यावर. तिथे कुणीतरी मजकूर चुकीच्या तक्त्यात सेव्ह केलेला असतो, अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेलेली असतात आणि मूळ प्रत शोधण्यावाचून इलाज नसतो.

आणि युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘दुसऱ्या’तला आडव्या रेघेसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ (२३५३) आणि हलन्त. दोन, साधा र (२३५२), हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पहिला शब्द २१ बाइटांचा, दुसरा २४. युनिकोडच्या समानतेच्या नियमांतही हे दोन एक धरलेले नाहीत, त्यामुळे एक शोधला की दुसरा सापडत नाही. एकच कादंबरी दोघांनी टाइप केली असेल तर निम्मे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ शोधाच्या हाती लागत नाहीत. युनिकोडची पसंती ऱलाच आहे. जोडचिन्हाची पद्धत जुन्या आवृत्तीतल्या मजकुराशी जुळावं म्हणून ठेवली आहे. सोय म्हणून ठीक, पण मराठीला ती महागात पडली असं माझं स्पष्ट मत आहे. हिंदीवाल्यांना हा र लागतच नाही, त्यामुळे या दुखण्याची ओरडही फारशी झाली नाही.

मी सरळ, जिथे २३५२, २३८१, ८२०५ सलग दिसतील तिथे २३५३, २३८१ घालतो. छापील पानावर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे बिलातली ही एक ओळ दरवर्षी संपादकांना नव्याने समजावून सांगावी लागते.