मौखिक साधन

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात मी आहे. नावानिशी नाही, पण ‘भारत : १९६० नंतरच्या घडामोडी’ असं ज्या पाठाचं नाव, त्यातल्या बऱ्याच घडामोडी मी घरबसल्या पाहिल्या आहेत. आमच्या शाळेत भारताचा इतिहास १५ ऑगस्ट १९४७ला संपायचा. पुढचं सगळं नागरिकशास्त्र. इतिहास आणि आपण यांच्यामध्ये आजी-आजोबा, आई-बाबा अशी माणसं ऐसपैस बसलेली होती. त्यांना ओलांडून इतिहास आपल्यापर्यंत येईल असं कधी वाटलंच नव्हतं. आता बालभारतीनं तो थेट दारात आणून सोडला आहे, स्वाध्यायासकट.

भाची नववीत गेली तेव्हा हे कळलं. पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर : लिखित, भौतिक, मौखिक. शाळेनं प्रकल्प दिला, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून माहिती मिळवा. घरातली ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे माझी आई, असा माझा समज. पण आईला हल्ली ऐकू कमी येतं. म्हणून मोबाइल माझ्यासमोर ठेवला गेला, रेकॉर्डिंग सुरू झालं आणि प्रश्न आला, “मामा, १९९१ साली तू होतास ना?”

होतो. चांगला अठरा वर्षांचा होतो. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि ‘ही पोरं कसली मतं देणार’ म्हणून कट्ट्यावरची म्हातारी आम्हाला हसत होती. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला, ज्यावर आता परीक्षेत प्रश्न येतो. त्या दिवशी मी काय करत होतो? बहुधा कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत असेन. आठवतं ते एवढंच, की वडिलांनी टेलिफोनसाठी नंबर लावून ठेवला होता, गॅससाठी लावला होता, आणि शेजाऱ्यांनी स्कूटरसाठी. “पण फोन मिळायला वर्षं का लागायची?” भाचीनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, वाट बघण्याचा अनुभव माझ्याकडे दांडगा आहे. कारण मात्र तिच्या पुस्तकात आहे.

मग किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. इथे मी सरसावून बसलो. आम्ही सोलापूरचे. १९९३ची विसर्जनाची मिरवणूक बघून उशिरा घरी येऊन झोपलो होतो. मांडणीवरची भांडी वाजायला लागली तेव्हा अर्धवट झोपेत वाटलं, एखादं लेझीम पथक मागे राहिलं असावं. मग पलंग सरकला. बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर. कुणी चादर गुंडाळून, कुणाच्या दोन पायांत दोन घरांच्या चपला, वरच्या मजल्यावरच्या काकू देव्हाऱ्यातला पितळी गणपती पोटाशी धरून. उजाडेपर्यंत लोक एकमेकांच्या अवताराला हसत होते. किल्लारी, सास्तूर ही नावं दिवस वर आल्यावर कानांवर पडू लागली, तेव्हा हसणं थांबलं.

“किती वाजता झाला?”

“पहाटे. असतील साडेतीन-चार.”

“तीन छप्पन,” ती म्हणाली. तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

केस पिकले तेव्हा काही वाटलं नव्हतं. चाळिशी लागली तेव्हाही नाही. पण जो त्या पहाटे रस्त्यावर उभा होता त्याचं ‘साडेतीन-चार’, आणि जी जन्माला यायची होती तिचं मिनिटासकट, हे मात्र लागलं. वेळ, तारीख, रिश्टर, मृतांचा आकडा, सगळं तिच्या ताब्यात गेलेलं. माझ्याकडे उरल्या होत्या काकू.

आणि मग आजोबा आठवले. त्यांच्या लहानपणी, मे १९३०मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी दिली. सोलापुरातल्या पोरांना ही चार नावं पाढ्यांसारखी पाठ असतात. आम्ही आजोबांना खोदून खोदून विचारायचो : गोळीबार पाहिला का? गोरे सोल्जर पाहिले का? आजोबा आंब्यांचं सांगायचे. बाजार बंद पडला, वाड्यात उतरवून ठेवलेल्या पेट्या उचलायला कुणी आलं नाही, आंबे कुजले आणि त्या वासानं जेवण जाईना. आम्हाला बंदुका हव्या होत्या आणि आजोबांकडे आंबे होते. आम्ही कंटाळून उठून जायचो. ज्याच्या अंगावरून इतिहास जातो त्याच्या हाती कडेचंच काहीतरी लागतं, हे कळायला आपण स्वतः आजोबांच्या जागी बसावं लागतं.

तसं म्हटलं तर माणसाला म्हातारं करायला वय लागतंच असं नाही. महाराष्ट्रात १९७५ला दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्याआधी मॅट्रिक झालेले सगळे एका फटक्यात ‘जुनी अकरावी’ झाले. त्यांतल्या कित्येकांना मिसरूडही नीट फुटलं नसेल. आमच्या ऑफिसात नुकत्याच रुजू झालेल्या मुलीच्या कागदांवर जन्मसाल २००३ दिसलं. मला वाटलं, लिहिण्यात काहीतरी घोटाळा आहे; २००३ला जन्मलेलं माणूस अजून रांगत असायला हवं.

लहानपणी घरी येणारा-जाणारा विचारायचा, मोठेपणी कोण होणार? मग ‘सध्या काय करतोस’ सुरू झालं. त्यानंतर ‘मुलं काय करतात’. आता ‘तेव्हा कसं होतं’. खरं सांगायचं तर हा शेवटचा प्रश्न मला आवडतो. ‘कोण होणार’ला उत्तर देताना घाम फुटायचा आणि दिलेलं उत्तर पुढे निस्तरावं लागायचं.

प्रकल्पाच्या वहीत माझी मुलाखत दोन ओळींत उतरली : पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. लोक घाबरून रस्त्यावर आले. चपला गेल्या, गणपती गेला, लेझीम गेलं. मी कुरकुर केली तर म्हणे, “मामा, जागा तेवढीच आहे रे.”

‘बदलते जीवन’ हा पाठ अजून व्हायचा आहे आणि तो दोन भागांत आहे. त्यासाठी तिला मोबाइल आला तेव्हाचं हवंय. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला फोन लावला, हे तिनं आत्ताच लिहून ठेवलंय. पण त्याच वर्षी २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला होता. आमच्या गल्लीत त्या दिवशी देवळापुढे जेवढी रांग होती तेवढीच एसटीडी बूथपुढे होती. ज्यांचा देवावर विश्वास नव्हता ते दुसऱ्या रांगेत उभे राहून नातेवाइकांना विचारत होते, तुमच्याकडचा पितोय का? “या वेळी मुद्द्याचं बोल,” असं तिनं बजावलंय. मुद्दा तिच्याकडे आहेच. मी दुधापासून सुरुवात करणार आहे.