विंचवाचे विष आणि एका डॉक्टरची खतावणी

पेढीची पत तिच्या वह्यांवरून ठरते. रोजमेळात रक्कम किती मोठी लिहिली आहे याला फारसे महत्त्व नसते; खतावणीशी ती जुळते की नाही, हे पाहिले जाते. संशोधकाच्या प्रकाशित निबंधांची यादीही याच दृष्टीने वाचावी. ती किती लांब आहे, यापेक्षा तिच्यातील प्रत्येक नोंदीने कोणाचे काय वाचले, हे विचारावे. अशा वाचनास पुरेपूर उतरणारी एक यादी पनवेलच्याच जिल्ह्यात, महाडला तयार झाली. ती डॉ. हिंमतराव बावस्कर यांची.

जालना भागातील एका खेड्यातून आलेले हे डॉक्टर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. कोकणातील लाल विंचू आकाराने लहान, पण विषाने भयंकर. दंश झालेली धडधाकट मुले आणि तरुण काही तासांत दगावत. मोठ्या शहरांतील ग्रंथांत या मृत्यूंवर खात्रीचा उपाय नव्हता. तरुण डॉक्टरने मग प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास आणि हातापायांची ऊब यांच्या बारकाईने नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला.

त्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. वेदना जितकी मोठी तितका धोका मोठा, अशी सर्वसाधारण समजूत असते. विंचूदंशात मात्र पुष्कळदा उलटे घडते. असह्य ठणक्याने विव्हळणारा रुग्ण बहुधा वाचतो. त्याच्या वेदनेवर स्थानिक भुलीचे इंजेक्शन पुरते. उलट ज्याला ठणका बेताचा, पण उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय गार पडतात, त्याचे हृदय संकटात असते. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचते. हृदयाच्या या पूर्वसूचक चिन्हांवरील त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेड्यातील नोंदवहीची दखल जगाने घेतली ती अशी.

निदान झाले, तरी उपाय हवाच होता. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. डॉ. बावस्करांनी ते विंचूदंशाच्या रुग्णांना दिले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी त्याचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. अतिदक्षता विभागाची वाट न पाहता छोट्या दवाखान्यातही देता येईल, अशी ही साधी गोळी. तिने विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटवले.

येथे थांबले असते तरी कीर्तीला उणेपण नव्हते. परंतु खऱ्या हिशेबनिसाची कसोटी पुढे लागते. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर या दांपत्याने स्वतःच्याच यशस्वी उपचाराची फेरतपासणी केली. सत्तर रुग्णांचे पस्तीस-पस्तीसांचे दोन गट केले. एका गटाला केवळ प्राझोसिन दिले, तर दुसऱ्याला त्यासोबत प्रतिविषही दिले. दहा तासांनी दुसऱ्या गटातील ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते, तर पहिल्या गटातील अवघे ८. हा निकाल त्यांनी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या नावाशी जोडलेला उपाय एकट्याने पुरेसा वेगवान नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. जुन्या नोंदीवर नवी नोंद करताना हात न कचरणे, हीच पतीची खरी खूण होय. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

पनवेल परिसरातील व्यापारी कुटुंबांना या यादीचा उपयोग घरातही आहे. वखारीतील लाकूड, विटांचे ढीग, जुनी पोती, पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेली पादत्राणे या विंचवाच्या आवडत्या जागा. हमाल, नोकर किंवा घरातील मूल यांपैकी कोणाला दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. ठणका थोडा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. विशेषतः मुलाला घाम आणि उलटी सुरू झाली, हातपाय गार लागले, तर एक क्षणही न गमावता रुग्णालय गाठावे आणि दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावी. प्राझोसिन वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावयाचे असते. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते. त्यामुळे ते घरी कोणी देऊ नये. घरातील मोठ्यांनी ही लक्षणे वखारीतील माणसांनाही एकदा समजावून सांगावीत. दंशाच्या वेळी सर्वांत आधी जवळ असतात ती तीच माणसे.