पुंजन्यापर्यंत

वस्तू मोडण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. काचेचा पेला फुटतो तो खणखणीत आवाज करून, सगळ्या घराला वर्दी देऊन. मातीचे मडके फुटते आणि तेवढ्यावर प्रकरण मिटते. परंतु संगणकाच्या पोटातील हार्ड डिस्क मोडते तेव्हा वरून काहीच दिसत नाही. पत्र्याची ती चपटी डबी जशीच्या तशी असते. ना तडा, ना पोचा. वीज जोडली की मात्र आतून 'टक्... टक्... टक्' असा आवाज येऊ लागतो. आमच्याकडे रात्री घराच्या लाकडी फाट्यांमधून भुंग्याचा असा आवाज येतो. तो ऐकून म्हातारी माणसे म्हणतात, 'फाटा पोकळ झाला.'

माझे काका प्राथमिक शिक्षक होते. आरमोरी आणि कुरखेडा या तालुक्यांत त्यांची सारी नोकरी झाली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्याही आधीपासून ते या मुलखात पायी आणि सायकलवर हिंडत होते. मुलांना 'शेत', 'बांध', 'रोप' हे शब्द शिकवावेत आणि मुलांनी घरी जाऊन 'बांधी', 'धुरा', 'पऱ्हा' म्हणावे, यातून त्यांना झाडीबोलीचे शब्द टिपण्याचा नाद लागला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून मोठेच काम केले आहे. काकांचा आवाका तेवढा नव्हता. आपण ज्या पंधरा-वीस गावांत राहिलो, त्या गावांतील धानाच्या शेतीचे, तलाव-बोडीचे आणि जंगलातून आणायच्या वस्तूंचे शब्द, एवढेच त्यांचे क्षेत्र. कापलेले धान बांधीत पसरून ठेवतात तो 'कडपा', त्याचे भारे रचतात तो 'पुंजना'. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. 'पाणी' हे 'पानी' होते, 'डोळा' हा 'डोरा' होतो. काका हे सांगू लागले की त्यांचे स्वतःचे उच्चारही शाळेतले राहत नसत.

हे सारे प्रथम वह्यांत होते. वह्या लाकडी पेटीत होत्या आणि पेटीला उधई लागली. ज्यांनी जंगल-मुलखातील घर पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. म्हणून २००६ साली निवृत्त झाल्यावर काकांनी आलेल्या पैशांतून संगणक घेतला आणि उरलेली पाने एका बोटाने टंकित करायला बसले. पेटीला उधई लागते, लोखंडाला लागत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. मधे एकदा कुणीतरी त्यांना एक सीडी करून दिली होती. चार पावसाळ्यांच्या ओलीत तिच्यावर ढगांसारखे डाग उमटले आणि ती वाचेनाशी झाली.

२०२२ च्या पावसाळ्यात घराची कौले गळू लागली, तेव्हा संगणक गडचिरोलीला आमच्याकडे आणायचे ठरले. गोधडीत गुंडाळून, सुतळीने बांधून तो काळीपिवळीच्या टपावर चढला. वाटेत रानडुकरांचा कळप आडवा आला. चालकाने ब्रेक दाबला नसता तर माणसेच गेली असती. त्याला बोल लावावा असे काही घडले नाही. फक्त सुतळी तुटली आणि गोधडीचे ते गाठोडे समोर डांबरावर येऊन पडले.

घरी आणून वीज जोडली, तर तो टक् टक् आवाज.

त्यानंतरच्या दोन दिवसांत आम्हांला किती तज्ज्ञ लाभले, म्हणून सांगू! एकाने सांगितले, डिस्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्याने सांगितले, तांदळाच्या डब्यात पुरा. धानाच्या जिल्ह्यात सर्व रोगांवर तांदूळ हेच औषध असणार, हे ओघानेच आले. एका दुरुस्तीच्या दुकानात ती पुन्हापुन्हा चालू करून पाहण्यात आली. माझा एक मित्र अभियांत्रिकीला आहे. त्याला दूरध्वनी केला तेव्हा तो ओरडलाच, "आधी वीज काढ! आणि आता तिला कोणी हात लावू नका."

त्याने जे समजावले ते मला तोवर ठाऊक नव्हते. डबीच्या आत आरशासारख्या लखलखीत तबकड्या असतात. आमच्या डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेत. तबकडीवर लेखन-वाचन करणारे शीर्ष तिला टेकत नाही. फिरण्याने उठणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते. हे अंतर इतके सूक्ष्म, की धुराचा कणही त्या फटीत मावायचा नाही. डिस्क बंद असताना शीर्ष आपल्या ठरलेल्या जागी जाऊन विसावते, म्हणून बंद डिस्क पडली तर चालत्या डिस्कहून पुष्कळ अधिक सोसते. आमची बंद होती, पण उंची जीपच्या टपाची होती. शीर्षाची दांडी बिघडली होती. टक् टक् म्हणजे त्या शीर्षाने तबकडीवरील खुणा शोधायला जावे, त्या न सापडून परतावे, कडेला आपटावे आणि पुन्हा जावे. अशा प्रत्येक खेपेला तबकडीवर ओरखडा उठण्याचा धोका. फ्रिजमध्ये ठेवली असती तर आत दव धरून उरलेसुरलेही गेले असते.

१९५६ साली आय.बी.एम.ने अशी पहिली यंत्रणा केली तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर होते आणि अक्षरे मावत सुमारे पन्नास लाख. ती टपावरून पडण्याचा संभव नव्हता, हा तिचा एक गुणच म्हणायचा.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी काकांना मुद्दाम सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान परतताना आकाशात फुटले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. टेक्सासमध्ये पसरलेल्या अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची नोंद तिच्यात होती. जळून तिचे रूप ओळखू येत नव्हते, परंतु यान फुटले त्या वेळी तबकड्या फिरत नव्हत्या, म्हणून त्या बचावल्या. त्यांवरून जवळजवळ सारी माहिती निघाली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माणसं नाही आली ना पन परत, बाबू." पुढे आम्ही तो विषय काढला नाही.

डिस्क पुण्यातील एका प्रयोगशाळेत गेली. अशा ठिकाणी धूळरहित हवेत डबी उघडतात. त्याच कंपनीची, त्याच बनावटीची दुसरी डिस्क मिळवून तिचे शीर्ष हिला बसवतात. आणि मूळ डिस्कवर काही न लिहिता, एकेक कप्पा वाचत तिची नक्कल दुसरीवर उतरवतात. वाचता न येणारे कप्पे आधी वगळायचे, सोपे ते सारे पदरात पडल्यावर मग अवघडांकडे वळायचे. अगोदर हाती लागेल ते घरात आणावे आणि मग सरवा वेचायला निघावे, त्यातलाच हा प्रकार. डिस्क जुनी असल्याने तिची जोडीदारीण मिळायला पाच आठवडे लागले. खर्च काकांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनइतका झाला. चुलत बहिणीने विचारलेच, "बाबा, एवढ्या पैशात कौलं बदलली असती." काकांनी उत्तर दिले नाही. तिचेही खरेच होते. गळणारे घर तिलाच झाडावे लागत होते.

निरोप आला तो असा : पुष्कळशा फाइली मिळाल्या, फाइलींची नावे गेली आहेत, त्यांना केवळ क्रमांक आहेत, काही ध्वनिमुद्रणे ओरखड्यात नष्ट झाली, आणि मजकुराच्या फाइली उघडतात, पण आत सगळा कचरा आहे. म्हणजे इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी.

तो कचरा मी पडद्यावर पाहिला. पानेच्या पाने. काका खुर्चीवर चष्मा काढून बसले होते. पाहता पाहता माझ्या लक्षात आले, की या खिचडीत ओळी समान लांबीच्या आहेत आणि प्रत्येक ओळीच्या मध्यभागी एक छोटी आडवी रेघ आहे. शब्द, रेघ, अर्थ. कचऱ्याला अशी शिस्त कोठून येणार? काकांनी टंकन केले होते ते जुन्या 'शिवाजी' टंकात. युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वीचे आपले असे बहुतेक टंक इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवीत. टंक असला तर मराठी. नसला तर खिचडी. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो टंक नव्हता, एवढेच. आमच्या महाविद्यालयाजवळ लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तो निघाला. तो बसवला आणि पहिले पान डोळ्यांसमोर मराठी झाले. काकांनी चष्मा लावला.

शब्द जवळजवळ सारे आले. गेली ती रोवण्याची गाणी. ती गाणाऱ्या तिघी बायांपैकी दोघी आता नाहीत, तिसरीला ऐकू येत नाही. तिच्याकडे काका एकदा जाऊन आले. तिने चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली. गाणे काही झाले नाही.

आता ही पाने युनिकोडमध्ये आणणे चालू आहे. रूपांतरात जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून रोज संध्याकाळी मी एकेक शब्द मोठ्याने वाचतो आणि काका दुरुस्त करतात. 'ण' दिसला की ते खवळतात. पूर्ण झालेल्या भागाच्या छापील प्रती काढून एक आमच्या ग्रंथालयात द्यायची आहे. ग्रंथपाल सरांनी कपाट उधईपासून दूर असल्याची हमी दिली आहे. सध्या आम्ही 'प'मध्ये आहोत. 'पुंजना' काल झाला.