तोफखान्यातून कारखान्याकडे

अमरावतीजवळच्या भातकुली-दर्यापूरच्या काळ्या रानात कापूस पिकतो; परंतु त्या कापसाचा भाव पुष्कळदा दूरदेशी ठरत आला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले. समुद्रापलीकडे काय घडले, याची खात्रीलायक वार्ता इकडे येण्यास मात्र कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. तारायंत्र आले होते, पण युरोपातून तुर्कस्तानमार्गे येणारे संदेश वाटेत रखडत आणि पोहोचले तरी अनेकदा वाचता येऊ नयेत इतके विपर्यस्त झालेले असत.

१८७० च्या मार्च महिन्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या आगगाडीचे उद्घाटन केले. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिल रोजी, लंडनहून निघालेला एक संदेश अवघ्या २८ मिनिटांत कलकत्त्यास पोहोचला. बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, टिफ्लिस आणि तेहरान या शहरांवरून आलेला सुमारे ११,००० किलोमीटरांचा हा तारमार्ग जगातील एक नवल ठरला. ज्याने आपल्या भावांच्या साह्याने तो सिद्धीस नेला, तो एके काळी तोफखान्यातील साधा अधिकारी होता. त्याचे नाव व्हेर्नर सीमेन्स.

व्हेर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या लेंथे या खेड्यात झाला. त्याचे वडील दुसऱ्याची जमीन खंडाने करीत. घरात चौदा अपत्ये. व्हेर्नर त्यांतला चौथा. मुलाला गणिताची विलक्षण आवड होती आणि बर्लिनच्या स्थापत्य विद्यालयात शिकावे, अशी त्याची मनीषा होती. परंतु तेथील खर्च घराला झेपणारा नव्हता. फौजेत शिरकाव झाला, तर मात्र तोफखान्याच्या शाळेत गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय विनामूल्य शिकता येत. म्हणून १८३४ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा घराचा निरोप घेऊन पायीच निघाला आणि माग्देबुर्ग येथील प्रशियन तोफखान्यात भरती झाला. पुढील वर्षी त्याला बर्लिनच्या सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथील तीन वर्षे आपल्या आयुष्याचा पाया ठरली, असे तो पुढे मानीत असे.

शिक्षण पुरे होते न होते, तोच घरावर आकाश कोसळले. १८३९ मध्ये आई गेली आणि सुमारे सहा महिन्यांनी वडीलही गेले. धाकटा ओटो तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. पाठच्या भावंडांचा भार तेवीस वर्षांच्या व्हेर्नरने आपल्या शिरावर घेतला. लष्करातील तुटपुंज्या वेतनात स्वतःचा खर्च चालवणेही कठीण. मग इतक्या मुलांचे शिक्षण व्हावे कसे? या प्रश्नानेच त्याला संशोधक केले. हाती विद्या होती; तिचा उपयोग करून घर सावरावे, असा त्याने निश्चय केला.

याच सुमारास त्याच्यावर एक विचित्र प्रसंग गुदरला. दोन अधिकाऱ्यांमध्ये द्वंद्वयुद्ध झाले आणि त्यात एकाचा साहाय्यक म्हणून तो उभा राहिला. कायद्याने द्वंद्वयुद्ध निषिद्ध होते. व्हेर्नरला पाच वर्षांची शिक्षा होऊन माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. व्हेर्नरने ओळखीच्या माणसांकडून रसायने व उपकरणे मागवली आणि कोठडीतच लहानशी प्रयोगशाळा थाटली. विजेच्या प्रवाहाने धातूवर सोन्याचा मुलामा चढवण्याचा प्रयोग तेथे सिद्धीस गेला. महिनाभरातच राजाची क्षमा मिळाली, तेव्हा प्रयोग पुरे होईपर्यंत आणखी काही दिवस येथेच राहू द्यावे, अशी त्याने विनंती केली! ती अर्थातच मान्य झाली नाही. या मुलाम्याचे हक्क त्याचा भाऊ विल्हेल्म याने १८४३ मध्ये इंग्लंडात सुमारे १,५०० पौंडांना विकले आणि भावंडांच्या शिक्षणाची काही काळ तरी सोय झाली.

सैन्यात असतानाच तारायंत्राकडे त्याचे लक्ष वेधले. त्या काळची यंत्रे वारंवार चुकत. सिगारांच्या रिकाम्या पेट्या, पत्र्याचे तुकडे आणि तांब्याची तार एवढ्याच सामग्रीतून त्याने एका सुधारलेल्या यंत्राचा नमुना तयार केला. त्यात तबकडीवरचा काटा ज्या अक्षरावर थांबे, ते अक्षर वाचायचे असे. जमिनीखालच्या तारेला ओल लागू नये, म्हणून गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे अखंड वेष्टन तिच्यावर चढवण्याची युक्तीही त्याने शोधून काढली. यंत्र उत्तम घडवणारा हात मात्र हवा होता. योहान गेओर्ग हाल्स्के नावाचा कुशल कारागीर त्याला भेटला. एका चुलतभावाने ६,८४२ थालर भांडवल दिले आणि ऑक्टोबर १८४७ मध्ये बर्लिनमधील एका घराच्या मागल्या बाजूस दहा कामगारांचा कारखाना सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी डेन्मार्कशी युद्ध जुंपले, तेव्हा कील बंदराच्या रक्षणासाठी विजेने उडवता येणारे सुरुंग पाण्यात पेरण्याचे काम व्हेर्नरने केले. त्याच वर्षी बर्लिन ते फ्रांकफुर्ट अशी सुमारे ५०० किलोमीटरांची तार घालण्याचे कामही त्याच्याकडे आले. १८४९ च्या मार्चमध्ये फ्रांकफुर्टच्या लोकसभेने प्रशियाच्या राजाची सम्राट म्हणून निवड केली, ती वार्ता या तारेने तासाभरात बर्लिनला पोहोचवली. त्याच वर्षी व्हेर्नरने सैन्याचा निरोप घेतला.

यानंतर खरी कसोटी लागली. खर्च आणि वेळ वाचवण्याच्या घाईत अनेक सरकारी तारा उथळ चरांत, संरक्षक कवचाशिवाय पुरल्या गेल्या होत्या. उंदीर-घुशी त्या कुरतडू लागल्या आणि तारा एकामागून एक मुक्या झाल्या. दोष वेष्टनाचा नसून घालण्याच्या पद्धतीचा आहे, हे व्हेर्नरने १८५१ मध्ये एक पुस्तिका लिहून उघडपणे सांगितले. याचा परिणाम असा झाला की, प्रशियाच्या तारखात्याने त्याच्या कारखान्याला काम देणे बंद केले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक तुटले. कारखाना बुडण्याची वेळ आली. गप्प राहिला असता तर काम टिकले असते. परंतु जे आपल्या विद्येला खरे दिसते ते दडवावे, हे त्याला मानवले नाही.

अशा वेळी ज्या भावंडांना त्याने जपले, तीच त्याच्या पाठीशी उभी राहिली. कार्ल रशियात गेला आणि १८५३ पासून त्या विस्तीर्ण देशात तारांचे जाळे विणण्याचे काम त्याने पार पाडले. विल्हेल्मने इंग्लंडची शाखा सांभाळली. लंडन-कलकत्ता मार्गाचे स्वप्न प्रत्यक्षात आले, ते या तीन भावांच्या एकजुटीमुळेच.

१८६६ मध्ये व्हेर्नरने डायनामोचे तत्त्व शोधून काढले. यंत्रातील लोखंडात उरलेल्या अल्पशा चुंबकत्वापासून आरंभ करून यंत्र स्वतःच आपली शक्ती वाढवीत नेते, असे ते तत्त्व होते. त्याच सुमारास इंग्लंडातील काही संशोधकांनाही ते स्वतंत्रपणे सुचले होते. यामुळे वीज विपुल आणि स्वस्त होण्याचा मार्ग खुला झाला. ३१ मे १८७९ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात त्याची विजेची छोटी आगगाडी ३०० मीटरांच्या रुळांवर धावू लागली, तेव्हा तीत बसण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. ४६ वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबई ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी सुरू झाली. आज तर बडनेऱ्यावरूनही विजेच्या गाड्या धावतात.

६ डिसेंबर १८९२ रोजी व्हेर्नर सीमेन्स मरण पावला. विद्युतवहनाच्या एककाला आज त्याचेच नाव आहे. दहा कामगारांचा कारखाना त्याच्या हयातीतच हजारो कामगारांचा झाला होता. परंतु त्याच्या शोधांइतकीच त्याची आणखी एक कृती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जर्मनीत वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी, १८७२ मध्ये, त्याने आपल्या कामगारांसाठी एक निधी स्थापन केला. वृद्ध कामगारांना त्यातून निवृत्तिवेतन मिळे. आणि कामगार मरण पावला, तर त्याच्या विधवेला व पोरक्या मुलांना आधार मिळे. घरचे छत्र हरपले म्हणजे लहानग्यांवर काय गुदरते, हे त्याला कोणी सांगावे लागले नव्हते.