अर्ध्या दिवसांचा हिशेब

कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज भरून द्यायला ब्रॅम्प्टनमधल्या एका सल्लागाराने जी फी सांगितली, तेवढ्यात गावी, तासगावला जाऊन आले असते. 'विचार करते' म्हणून उठले. घरी येऊन सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर दिवस मोजायचा कॅल्क्युलेटर तिथे फुकटच होता.

अट साधी वाटते: अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात. पण पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळण्याआधी मी विद्यार्थिनी होते. त्या काळातला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, तोही एकूण ३६५ दिवसांपर्यंतच. पहाटे कॉफीच्या दुकानात कप विसळले, ते सगळे अर्धे दिवस! मात्र ज्या दिवशी देश सोडला आणि ज्या दिवशी परतलो, ते दोन्ही इथलेच धरतात. अमेरिकेतल्या बफेलोला सकाळी जाऊन रात्री परतलो होतो. ती फेरीही लिहावी लागली, दिवस मात्र कापला गेला नाही. जुने पासपोर्ट, मेलमधली तिकिटं, लग्नाच्या फोटोंवरच्या तारखा, सगळं टेबलावर पसरून दोन शनिवार गेले.

परीक्षेचं पुस्तक 'डिस्कव्हर कॅनडा' हेही फुकट, ऐकायलासुद्धा मिळतं. भाजी चिरताना तेच लावायचे. वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत. नुनावुत हा प्रदेश १९९९ साली वेगळा झाला हे पटकन बसलं, तेव्हा मी तिसरीत होते. पहिल्या महायुद्धातली विमीची लढाई १९१७ची की १९१६ची, यात मात्र रोज गोंधळ. नवरा जेवताना मुद्दाम तेवढंच विचारायचा.

त्या पुस्तकात नसलेलं मला भारतीय दूतावासाच्या पानांवर सापडलं. दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड, काढायचं. ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते.

ते वाचून लगेच तासगावला आबांना फोन लावला. मला वाटलं, द्राक्षबागेचं विचारतील.

"बागेचं राहू दे गं," आबा म्हणाले. "मतदार यादीतलं तुझं नाव मीच लावून घेतलं होतं. ते आता काढायला कुठं जायचं, तेवढं बघ."